मागच्या सीटचं वजन

हेमांगी खराडेच्या गाडीवर मागं कधी कुणी बसलं नव्हतं.

विट्यासारख्या गावात मुलगी म्हटली की तिनं वडिलांच्या, भावाच्या, नाहीतर नवऱ्याच्या मागं दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं, हे ठरलेलं. हेमांगी बारावीत असतानाच भावाची मोटरसायकल काढून एकटी कराडला जाऊन आली. दारात वडिलांनी विचारलं, "कुणाबरोबर गेली होतीस?" ती म्हणाली, "गाडीबरोबर." पुढं ती रॅलीच्या शर्यतींत उतरली. कच्छच्या रणात आणि लडाखच्या दगडगोट्यांत तिनं भल्याभल्यांना मागं टाकलं. गुडघा कुरकुरायला लागल्यावर पुण्याजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेत ती शिक्षिका झाली. लग्न केलं नाही, कुणाला मागं बसवलं नाही. "मागं कुणी बसलं की गाडी माझी राहत नाही," असं ती वर्गात म्हणायची आणि पोरी टाळ्या वाजवायच्या.

डॉ. फिरोज तांबोळींना नेमके असेच हात हवे होते.

तांबोळी मेंदूचे शास्त्रज्ञ. मूळचे कराडचे, बोलायला मऊ, कामाला चिवट. त्यांचा प्रश्न साधा होता. माणूस गाडी शिकतो तेव्हा नेमकं काय शिकतो? डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, मोठ्या मेंदूखाली एक लहान मेंदू दडलेला असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. तोल राखायचा, हालचाल वेळेवर करायची, ही त्याची कामं. तो चुकांमधून शिकतो. हँडल जरा जास्त वळलं की त्याच्याकडं 'हे चुकलं' असा एक बारीक संकेत जातो आणि पुढच्या खेपेला चूक तेवढी कमी होते. हे हजारो वेळा झालं की आपण म्हणतो, हात बसला.

तांबोळींनी शोधून काढलं की हे 'चुकलं'चे संकेत तरबेज माणसाच्या डोक्यातून टिपून ठेवता येतात. मग कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी ते नवशिक्याच्या अनुमस्तिष्कात नेमक्या जागी, नेमक्या क्षणी जागवता येतात. नवशिक्या नकली गाडीवर बसतो, समोरच्या पडद्यावर रस्ता धावत असतो आणि डोक्यावर तारांची टोपी असते. तो चुकायला लागला की ती चूक त्याला दुसऱ्याच्या अनुभवानं टोचते. यात आठवणी जात नाहीत की विचार जात नाहीत. काय बरोबर आणि काय चूक याची हातांना असलेली जाण तेवढी जाते. वर्षांची मेहनत तीन बैठकांत. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं हस्तांतर.

राज्य दुचाकी सुरक्षा मंडळानं ती उचलून धरली. तोवर परवाना म्हणजे मैदानात आठचा आकडा काढून दाखवायचा आणि फोटोला उभं राहायचं. रस्त्यावर रोज पोरं मरत होती. आपोआप लागणारा ब्रेक चारचाकीला चालतो, पण दुचाकीवर तो माणसालाच पुढं फेकतो. तेव्हा यंत्र शहाणं करण्यापेक्षा हात शहाणे करा, असं मंडळानं ठरवलं. कायदा झाला. नवा परवाना असो की जुन्याचं नूतनीकरण, हस्तांतर सक्तीचं. त्याशिवाय कुणी गाडी शिकवली तर तो गुन्हा. आणि राज्यातल्या प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक टोपीतून एकाच माणसाचा नमुना जाऊ लागला. हेमांगीचा.

"सरकारनं सगळ्यांना टोपी घातली," असा विनोद चावडीपासून चौकापर्यंत फिरला. पण दोन वर्षांत दुचाकीवरचे मृत्यू निम्म्यावर आले, तसे विनोद करणारेही गप्प झाले.

हेमांगीला सिग्नलला उभं राहायला मजा वाटायची. हिरवा दिवा लागला की पुढची पन्नासेक माणसं तिच्यासारखीच डावा खांदा किंचित पाडून निघायची. खड्डा आला की तिच्यासारखंच हँडलला आधी एक बारीकसा उलटा झटका देऊन सफाईनं बाजूला सरायची. कॉलेजची पोरं, पेन्शनर, पार्सलवाले, सगळ्यांचे हात तिचे. मूल नसलेल्या बाईला आपला चेहरा दुसऱ्यात दिसायचा योग नसतो. तिला तो रोज रस्त्यावर भेटत होता.

मग एका दुपारी भावाचा, रणधीरदादाचा फोन आला. "सांगलीला ये," एवढंच तो म्हणाला.

सांगलीच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा सारिका वहिनी शस्त्रक्रियेच्या खोलीत होती. दादा बाकावर बसला होता. अंगावर खरचटण्याखेरीज काही नव्हतं.

"तासगावच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी आली," तो म्हणाला. "लांब होती गं. थांबता आलं असतं. वीस वर्षं मी हिला मागं बसवून फिरवलीय, कधी साधी घसरू दिली नाही. माझी बोटं ब्रेकवर गेली पण होती."

"मग?"

"परवान्यापायी टोपी घातली ना मी. हातांना ते चूक वाटलं." त्यानं स्वतःचे तळवे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहिले. "ब्रेक दाबणं चूक आहे असं आतनं टोचलं बघ. बोटं सुटली आणि हातांनी हँडलला आधी उलटा एक झटका दिला, मग वळवलं. मी नाही वळवलं, हेमा. गाडी वळली, पण ही मागं राहिली. तिच्या वजनानं गाडी परत फिरेचना. आडवी झालो आम्ही, आणि तिचा पाय..."

हेमांगीला पुढचं ऐकायची गरज नव्हती. उलटा झटका, मग वळण. राज्यात ही सवय मुळात एकाच माणसाची होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या आठवड्यात हेमांगीनं संस्थेच्या धावपट्टीवर मागच्या सीटला वाळूची पोती बांधली आणि तांबोळींना बोलावून घेतलं. वाटेत रबराचा अडथळा ठेवला आणि वेगात त्याच्यावर गेली. थांबायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हातांनी ऐकलं नाही. गाडी झपकन बाजूला गेली, मागचं वजन क्षणभर उशिरा आलं, पुढचं चाक हलकं झालं आणि ती सरपटत पट्टीच्या कडेला जाऊन पडली.

तांबोळी धावत आले. "लागलं का?"

"फिरोज, माझा नमुना घेतलात तेव्हा माझ्या मागं काय होतं?"

ते थबकले. "संकेत टिपणाऱ्या यंत्राची पेटी होती."

"केवढी?"

"तीन-चार किलोची." बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. एकट्या स्वारासाठी बाजूला सरणं उत्तम, कारण तो आणि गाडी एकजीव असतात. मागं माणूस असला की दोन शरीरं होतात. मागचं शरीर अर्धा क्षण उशिरा झुकतं आणि गाडी सरळ व्हायला हवी त्याच क्षणी तिला खाली ओढतं. तिथं सरायचं नसतं, गाडी सरळ ठेवून थांबायचं असतं. शाळेतल्या पोरालाही कळावं इतकं हे सोपं होतं. कुणी विचारलंच नव्हतं. आणि या राज्यात दुचाकीवर एकटं फिरतं कोण? आई, बायको, दोन पोरं, गॅसची टाकी, दुधाच्या किटल्या, सगळं तिच्यावरच.

"मी आयुष्यभर एकटी फिरले," हेमांगी कपड्यांवरची धूळ न झटकताच म्हणाली, "आणि आपण ते एकटेपण सगळ्या राज्याच्या हातात भरलं."

मंडळाचे अध्यक्ष विश्राम कुलथे पूर्वी हाडांचे डॉक्टर होते. त्यांची भेट मिळायला तिला काही महिने लागले, पण त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खराडेबाई, मी वीस वर्षं रस्त्यावरची पोरं टेबलावर घेत होतो. शिवत होतो, जोडत होतो. निम्मी हातात मरायची. आज ती वाचतायत, तुमच्या हातांमुळं. उद्या तुम्ही बाहेर जाऊन म्हणालात की टोपीत खोट आहे, तर लोक टोपी झुगारतील आणि पुन्हा तेच सुरू होईल."

"आणि मागं बसलेली माणसं?"

"त्यांच्या अपघातांचं प्रमाण किंचित वाढलंय, आम्हाला माहीत आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. तीन-चार वर्षं लागतील. पण एकूण हिशेबात..."

"एकूण हिशेबात माझ्या वहिनीचा पाय कुठं बसतो?"

हेमांगीनं त्याच दिवशी संस्था सोडली आणि विट्याला आली.

सारिका वहिनी तेव्हा नव्या कृत्रिम पायानं अंगणात चालायला शिकत होती. बोलण्यात तिखट, कामात चटपटीत बाई. नणंदेनं गाडी अंगणात लावून मागं पोतं बांधलेलं तिनं पाहिलं.

"हे काय, वन्सं?"

"मला थांबायला शिकायचंय. मागं वजन असताना."

"पोत्यावर?" सारिकानं पोत्याला काठीनं ढोसलं. "पोतं घाबरत नाही. खड्डा आला की खांदा धरत नाही. मध्येच 'अहो, हळू' म्हणत नाही. पोत्यावर काय शिकणार तुम्ही? मला बसवा."

आतून रणधीर ओरडतच आला. "डोकं फिरलंय का तुझं? एक पाय गेला तो पुरला नाही?"

"माझा पाय होता, मी बघीन," सारिका म्हणाली. "आठ महिने तुम्ही दोघं भाऊबहीण माझ्याकडं बघून तोंड पाडून बसलाय. मला नको तुमचं पडलेलं तोंड. पडायचं ते पडून झालंय माझं. आता थांबायचं कसं ते बघू द्या."

गावाबाहेर एक बंद पडलेला साखर कारखाना होता. उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या ते त्याचं फरशीचं आवार रिकामं पडलेलं. तिथं दोघी जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी चालण्याच्या वेगानं, मग सायकलच्या. हेमांगीला उभ्या आयुष्यात कुठली गाडी इतकी परकी वाटली नव्हती. आपल्या पाठीला दुसऱ्याचा श्वास लागतो, आपण वळायच्या आधी दुसऱ्याचं अंग आकसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. अडथळा आला की हात जुन्या सवयीनं उसळायचे आणि ती त्यांना दाबून धरायची. स्वतःच्याच हातांशी भांडण. पाच-सहा वेळा दोघी आडव्या झाल्या. सारिका फरशीवर पडल्या पडल्या आधी पाय जागेवर आहे का ते चाचपायची आणि म्हणायची, "आहे. चला."

सारिकालाही शिकावं लागलं. दोन्हीकडं पाय टाकून बसायचं, गुडघ्यांनी पुढच्याला धरायचं. ब्रेकच्या वेळी एक हात पुढं टेकवून स्वतःचं वजन स्वतः पेलायचं. पुढचा जिकडं बघतो तिकडंच बघायचं. मागं बसणं हेही एक काम आहे, हे आजवर दोघींना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि एका सकाळी ते झालं. रबराचा अडथळा समोर आला आणि बोटं हळू, मग घट्ट, आपसूक मिटली. गाडी दोरीवर चालल्यासारखी सरळ राहिली. सारिकाचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टकटकलं आणि दोघी अडथळ्याच्या अलीकडं उभ्या राहिल्या.

"झालं?" सारिकानं विचारलं.

"झालं."

"मग परत एकदा. मी डोळे मिटले होते."

हे सगळं फाटकाशी उभा राहून रणधीर पाहत होता. किती दिवस येऊन उभा राहत होता कुणास ठाऊक. तो जवळ आला. "हेमा," तो म्हणाला, "तुझे हात काढून घे गं माझ्यातनं. मला माझे परत दे."

त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पण तो शिकला. त्याच्या मागोमाग आवारात माणसं येऊ लागली. पाहुणे, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सांगलीला नेणारा एक कंपाउंडर आला. दोघी शिक्षिका आल्या, रोज एका गाडीवर शाळेत जाणाऱ्या. हेमांगीचा एकच नियम होता. एकट्यानं यायचं नाही. ज्याला मागं बसवता त्याला घेऊन या. त्याच्याच वजनावर शिकायचं, दोघांनीही.

हे लपून राहणारं नव्हतं, आणि तिला लपवायचंही नव्हतं. फाटकावर तिनं स्वतः रंगानं लिहिलं होतं : 'इथं टोपीशिवाय शिकवतात.'

मंडळाचं पथक आलं तेव्हा आवार भरलेलं होतं. निरीक्षक गवंडी तरुण होता, आवाज मोठा लावून आला होता. "अनधिकृत प्रशिक्षण आहे हे! गाड्या जप्त होतील. सगळ्यांनी खाली उतरा!"

कुणी हललं नाही. गवंडी पुढं होऊन सारिकापाशी आला. "बाई, उतरा."

"मला वेळ लागतो, साहेब. एक पाय तुमच्या कायद्यानं नेलाय."

त्याची नजर खाली गेली आणि तिथंच अडकली. मग तो हेमांगीकडं वळला, पण आता आवाज खाली आला होता. "मॅडम, माझ्या हातांत टोपीतून आलेला तुमचाच नमुना आहे. तुम्हाला नोटीस द्यायची मला काही हौस नाही. पण परवाना जमा करावा लागेल."

"लग्न झालंय तुमचं?"

"हो."

"बायकोला मागं बसवून कुठं अचानक थांबायची वेळ आलीय?"

त्यानं सारिकाच्या पायाकडं पुन्हा पाहिलं.

हेमांगीनं परवाना त्याच्या हातावर ठेवला. "हा घ्या. हात मात्र इथंच राहतील."

पथक गेलं. गाड्या जप्त झाल्या नाहीत. आठवड्याभरानं गवंडी साध्या कपड्यांत आला. मागं बायको होती. दोघंही रांगेत उभी राहिली.

एव्हाना वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. ज्यांची माणसं मागच्या सीटवरून गेली होती ते पुढं येऊन बोलू लागले. मंडळानं हेमांगीला मुंबईला सुनावणीला बोलावलं. तिला वाटलं, दंड होईल, कदाचित कैद. पण कुलथ्यांनी टेबलावर वेगळंच ठेवलं.

"तुमचं बरोबर होतं," ते सरळ म्हणाले. "मी चुकलो. आता तुमच्या हातांना मागचं वजन पेलता येतं. तो नवा नमुना आम्हाला द्या. महिन्याभरात प्रत्येक टोपीत घालतो. नोटीस मागं घेतो. आणखी एकाही बाईचा पाय जायला नको."

खोलीत तांबोळी होते, मंडळाचे सभासद होते. सगळ्यांचे चेहरे सैल झाले होते, आता प्रश्न सुटला म्हणून.

"नाही देणार," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या मागं माझी वहिनी बसते. अंगानं बारीक आहे. डाव्या बाजूला तिचं वजन कमी पडतं. घाबरली की उजवा खांदा धरते. माझे हात आता तिच्या वजनाचे झालेत. हेच हात तुम्ही त्या कंपाउंडरला देणार, ज्याची आई स्थूल आहे आणि अंग सैल सोडून बसते? पुन्हा तेच होईल. परवा माझं एकटेपण वाटलंत, उद्या वहिनीचं वजन वाटाल."

"मग उपाय काय?"

"मैदान. एकट्यानं चालवायचं पहिलं शिक्षण टोपीनं द्या, तिथं ती चांगली आहे. पण मागं माणूस बसवायचा परवाना हवा तर दोघांनी मैदानावर यायचं. शिकवणारा माणूस, आणि शिकणारी दोघं."

"खराडेबाई, राज्यात काही कोटी दुचाक्या आहेत! शिकवणारी माणसं आणायची कुठून?"

"शिकलेल्यांतून. माझ्या आवारातून चाळीसेक जण तयार झालेत, त्यांत तुमचा एक निरीक्षक आहे. मी काही जादू केली नाही."

"शक्य नाही. निदान आत्ता नाही."

"मग माझी संमती मी काढून घेते. जुन्या नमुन्याचीसुद्धा."

सगळ्यांनी तांबोळींकडं पाहिलं. नमुना हा देणाऱ्याच्या शरीराचा भाग मानावा, त्याच्या संमतीशिवाय वापरू नये, हे कलम कायद्यात त्यांनीच हट्टानं घालायला लावलं होतं.

"तिला तो हक्क आहे," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यभराचं काम त्या एका वाक्यानं थांबत होतं, आणि तरी त्यांनी ते स्वच्छ म्हटलं.

कुलथे उभे राहिले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "केंद्रं बंद पडली की लोक शिकल्याशिवाय गाड्या काढतील. त्यात जे मरतील त्यांची जबाबदारी घेता तुम्ही?"

या माणसानं खरोखर पोरं मरताना पाहिली होती, हे हेमांगीला ठाऊक होतं. "घेते," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्या जबाबदारीत माझ्याबरोबर आहात. मैदानं ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी संमती परत देईन."

दुसऱ्या दिवशी राज्यातली सगळी केंद्रं बंद झाली. परवान्यासाठी ताटकळलेल्या लोकांनी तिचे पुतळे जाळले. कारखान्याच्या फाटकावरच्या अक्षरांवर कुणीतरी डांबर फासलं. नातेवाइकांनी बोलणं टाकलं. रणधीरच्या दुकानाकडं गिऱ्हाईक फिरकेना, तरी तो रोज आवारात येऊन नव्या माणसांना ब्रेक धरायला शिकवत राहिला.

एकदा जतहून एका बाईचा फोन आला. मुलगा परवान्याशिवायच गाडी घेऊन गेला होता. परत आला नाही. "तुम्ही बंद केलंत म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही." हेमांगीनं एक शब्दही स्वतःच्या बाजूनं काढला नाही. बाईचं रडणं थांबेपर्यंत ती फोन धरून राहिली. त्यानंतर दोन दिवस तिला घास गेला नाही. सारिका ताट घेऊन समोर बसली.

"वन्सं, परत द्यायची का संमती?"

"नाही."

"मग जेवा. उपाशी माणसाला ब्रेक धरता येत नाही."

शेवटी मंडळ वाकलं. एका रात्रीत नाही, कुरकुरत, जिल्ह्याजिल्ह्यानं. बाजार समित्यांची आवारं, जत्रेची मैदानं, बंद गिरण्यांच्या जागा मिळू लागल्या. हेमांगीच्या आवारातली माणसं शिकवायला पांगली. गवंडी साताऱ्याला गेला. पहिली मैदानं उघडली त्या दिवशी तिनं दिलेल्या शब्दाप्रमाणे संमतीवर सही केली. नवा कायदा पहिल्यांदाच दोघांचा होता. परवान्यावर दोन नावं आली, चालवणाऱ्याचं आणि मागं बसणाऱ्याचं. जुन्या कायद्यानुसार अनधिकृत शिकवल्याबद्दल हेमांगीचा परवाना मात्र वर्षभर रद्दच राहिला. माफीनामा दिला तर लगेच परत करू, असं मंडळानं कळवलं. तिनं उत्तरच पाठवलं नाही. बिनपरवान्याची बाई गावभर पायी फिरू लागली आणि आवारात उभ्यानं शिकवत राहिली.

विट्यातल्या मैदानावर परीक्षेचा पहिला दिवस होता. परीक्षक सांगलीहून आले होते, चष्मा नाकावर, घाम पुसत. त्यांनी नावं वाचली. "रणधीर खराडे आणि सारिका खराडे. चला, बसा."

सारिका पुढं झाली आणि हँडल धरून चालकाच्या जागेवर बसली. कृत्रिम पाय पायदानावर नीट ठेवला. ब्रेक दोन्ही हातांतच होते, गिअर गाडीला नव्हताच.

"अहो, तुम्ही मागं," परीक्षक म्हणाले.

"कुठं लिहिलंय?"

परीक्षकांनी कागद चाळला. कुठंच लिहिलं नव्हतं. ते रणधीरकडं वळले. "तुम्हाला चालेल?"

रणधीरनं बायकोकडं पाहिलं, मग बहिणीकडं. हेमांगी कठड्याला टेकून उभी होती. तिनंही हे ऐकलं नव्हतं. गेले कित्येक दिवस ही दोघं भल्या सकाळी कुठं जातात, हा प्रश्न तिला पडला होता खरा.

"मला काय विचारता," रणधीर म्हणाला आणि मागं बसला. गुडघ्यांनी त्यानं बायकोला घट्ट धरलं.

गाडी निघाली. वळण घेतलं, परत फिरली, वेग धरला. परीक्षकांनी शिट्टी मारली आणि मदतनिसानं अचानक अडथळा पुढं ढकलला. गाडी सरळ आली, सरळच राहिली आणि अडथळ्याच्या वीतभर अलीकडं थांबली. रणधीरनं डोळे उघडले.

"पास!" परीक्षक ओरडले. "छान! आता गाडी इकडं आणून लावा."

सारिकानं गाडी वळवली, पण इकडं आणली नाही. ती मैदानाच्या उघड्या फाटकाकडं निघाली.

"अहो बाई! परीक्षा संपली! परवाना घेऊन जा!"

"आल्यावर घेते!" तिचा आवाज आला. रणधीर मागून काहीतरी ओरडत होता. बहुतेक 'हळू'. मग गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कराडच्या रस्त्याला लागली. मैदानावरची सगळी माणसं हसत सुटली आणि परीक्षक कागद हातात धरून हेमांगीकडं बघत राहिले.

"माझ्याकडं बघू नका," हेमांगी म्हणाली. "हे मी शिकवलेलं नाही."